डूख धरलेला हिरवा खडा

मी हिरवा खडा बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, गोड काही ऐकायला मिळणार नाही. दगड बोलू लागला म्हणजे तो देवळाची पायरी झाला असणार, भक्तांचे पाय लागून धन्य झाला असणार, असं काही तुमच्या मनात असेल तर काढून टाका. मी पायरी नाही, आणि धन्य तर मुळीच नाही. एका माणसावर मी जवळजवळ वर्षभर डूख धरला आणि भर सभेत त्याचं तोंड काळं केलं. त्याचीच ही हकिकत आहे.

माझा जन्म सिन्नरच्या बाजूचा. तिथे जमिनीखाली काळा कातळ आहे. त्याच्या पोटात एक पोकळी होती, जेमतेम एखादी परडी मावेल एवढी. तिथे पाणी झिरपत राहिलं आणि मी वाढत राहिलो. किती वर्षं गेली ते विचारू नका, आमच्याकडे कॅलेंडर नसतं. रंग कोवळ्या द्राक्षाचा, आकार सुपारीहून थोडा मोठा, चारी बाजू सरळ आणि टोक निमुळतं. आजूबाजूला पांढऱ्या भावंडांची दाटी होती. पुस्तकात माझं नाव अपोफिलाइट आहे. ते उच्चारताना माणसांची जीभ अडखळते, म्हणून हिरवा खडाच म्हणा.

माझ्या अंगाची एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी. माझ्यात थर आहेत. वहीची पानं एकावर एक असावीत तसे, सगळे एकाच दिशेने. त्या दिशेने ताण आला की मी सोलून निघतो. अंगात थोडं पाणीही मुरलेलं आहे, त्यामुळे उष्णता मला सोसत नाही. पैलू पाडणारे याला माझा दोष मानतात. मांजराला नखं असतात, मला थर आहेत. यात दोष कसला?

एके दिवशी वरून सुरुंग लागला. कुणाच्या तरी शेतात विहीर चालली होती. माझी पोकळी फुटली, आयुष्यात पहिल्यांदा ऊन दिसलं, आणि ते पाहून होईस्तोवर माझी भावंडं ढिगाऱ्याबरोबर डंपरमध्ये पडली. ती कुठल्या रस्त्याखाली दबली असतील, देव जाणे. माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा राग धरला गेला.

मला उचललं पुंजारामने. विहिरींवर सुरुंग लावण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्याने मला थुंकी लावून पुसलं, उन्हात धरलं आणि ओरडला, "आरं, हे तर लयच भारी हाय! उज्वलेला दिलं पाहिजे."

उज्वला त्याची भाची. नाशकात पाथर्डी फाट्याजवळ राहते. दिवसभर एका प्रयोगशाळेत लोकांच्या दातांच्या कॅपा घासून बेतून तयार करते. असला बारीक हात की तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटासुद्धा तिच्या बोटाला कळतो. आणि हे सगळं करून सुट्टीच्या दिवशी ही बाई काय करते, तर खड्यांना पैलू पाडते. विकायला नाही, कुणाच्या राशीला द्यायलाही नाही. नुसती हौस.

ही हौस तिला लावली खंडेरावांनी. ते सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. निवृत्त झाल्यावर शिलाई मशीनची मोटर, एक फिरती तबकडी आणि शहाण्णव दातांचं एक चक्र जोडून त्यांनी पैलू पाडायचं मशीन स्वतः बनवलं. खडा पितळी काडीच्या टोकाला लाखेने चिकटवायचा, चक्राचे दात मोजून कोन लावायचा, आणि पाण्याच्या थेंबाखाली तबकडीवर हळूहळू घासायचा. दर रविवारी सकाळी त्यांच्या मागच्या पडवीत चारपाच हौशी माणसं जमायची. उज्वलाकडे स्वतःचं मशीन नव्हतं. आठवड्यातली रविवारची ती दोन तासांची पाळी, एवढंच तिचं होतं.

पुंजारामने मला तिच्या तळहातावर ठेवलं तेव्हा ती नुसती बोटाने माझ्या कडा चाचपत राहिली. मामा वैतागला. "आगं, आवडला का नाय, बोल तरी!"

"मामा, याला लगेच हात लावायचा नाही," ती म्हणाली. "हा सोपा नाहीये."

मला ती तिथेच आवडली. मामा तर मला पाहताक्षणीच 'लयच भारी' म्हणून मोकळा झाला होता. सोपा नाही, असं म्हणणारी ही पहिलीच.

दोन वर्षं तिने मला घासलं नाही. भिंगातून पाहिलं, वहीत काढलं, पुन्हा पाहिलं. माझ्या आत तीन पांढऱ्या सुया आहेत, केसासारख्या. दोन एकमेकींना टेकलेल्या, तिसरी आडवी, आणि आडवीच्या टोकाला एक काळा ठिपका. तेही तिने वहीत काढलं. माझे थर कुठल्या दिशेला आहेत ते शोधून तिने माझ्या कडेवर शाईची एक लाल रेघ ओढली. वरचा मोठा पैलू त्या थरांना समांतर घ्यायचा नाही, जरा कलता घ्यायचा, म्हणजे मी सोलणार नाही, असा तिचा बेत होता. बेत अगदी बरोबर होता. मी मनातल्या मनात होकार देऊन बसलो होतो.

आता गोरक्षचं सांगतो.

गोरक्ष सानप त्याच रविवारच्या मंडळीतला. विमा कंपनीत नोकरी, बोलण्यात साखर, आणि घरी नवंकोरं तयार मशीन. पण हात जड. त्याने घासलेल्या खड्यांचे कोपरे कधी एकमेकांना भेटायचे नाहीत. दरवर्षी गंगापूर रोडच्या एका सभागृहात हौशी लोकांचं प्रदर्शन भरतं. तिथे तो आपले खडे मांडायचा आणि लोक पुढच्या टेबलावरची जुनी कुलपं बघायला निघून जायचे. हे त्याला फार लागायचं.

उज्वलाने मला पडवीत दाखवायला आणलं त्या दिवशी त्याची नजर माझ्यावरून हलली नाही.

"ताई, दोन दिवस देता का? चांगले फोटो काढतो. तुमच्याच वहीला लावता येतील."

तिने खंडेरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "दे की. आपलाच माणूस आहे."

दिलं तिने मला. दुसऱ्या रविवारी गोरक्षने खंडेरावांच्या देखत एक डबी तिच्या हातात ठेवली, चिकटपट्टी लावून बंद केलेली. "घ्या ताई, तुमची अमानत. खंडेरावकाका साक्षीला आहेत हं." आणि हसला.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी तुम्ही डबी उघडली असती? आपल्या माणसाने दिलेली, वडीलधाऱ्यांच्या देखत दिलेली डबी तिथल्या तिथे उघडून बघायची, म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणायचं. आपल्याकडे असं कुणी करत नाही. उज्वलानेही केलं नाही. पर्समध्ये टाकली आणि घरी गेली. घरी उघडली तर आत नुसता कापूस.

मी तेव्हा गोरक्षच्या कपाटात होतो, त्याच्या मोज्यांखाली.

हे आणि पुढचं मला त्याच्याच तोंडून कळलं, कारण बायकोला तो सगळं हसत हसत सांगायचा. उज्वलाने खंडेरावांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, माझ्यासमोर दिली त्याने डबी. घरी नीट शोध. विसरतो माणूस." तिने पुन्हा सांगितलं, तर त्यांचा आवाज चढला. मग रविवारी ती पडवीत गेली की गोरक्ष मोठ्याने म्हणायचा, "ताई, आज पर्स तपासून बघा हं, आमचा एखादा खडा गेला नसेल ना?" बाकीचे हसायचे. खंडेराव हसायचे नाहीत, पण गप्पही करायचे नाहीत. तीन रविवार तिने सोसलं. चौथ्या रविवारी ती गेली नाही, आणि तिची पाळी गोरक्षच्या एका मित्राला मिळाली.

म्हणजे मला चोरलं ते चोरलंच, वर तिला खोटारडी ठरवलं आणि तिच्या हातातलं कामही काढून घेतलं. हे ऐकलं त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही. दगड काय करणार, असं वाटेल तुम्हाला. दगडाला वाट बघता येते. त्या कामात माझा हात कुणी धरू शकत नाही.

एका दुपारी गोरक्षने मला बाहेर काढलं. कडेवरची लाल रेघ त्याला दिसली.

"खूण करून ठेवलीय! शहाणीच आहे," तो म्हणाला. त्याने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि रेघ घासायला सुरुवात केली.

त्याला वाटलं ती मालकीची खूण आहे. चोराला दुसरं काय वाटणार? तिने ज्या एका रेघेत दोन वर्षांचा अभ्यास ठेवला होता, ती तो आपल्या हाताने पुसत होता. मी मनात म्हणत होतो, पूस. चांगली चोळून पूस. एक ठिपका राहता कामा नये.

रेघ गेली. आता माझे थर कुठे आहेत हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि विचारण्याइतकी अक्कल त्याला नव्हती. माझं निमुळतं टोक त्याने घासून उडवलं, म्हणजे कुणी ओळखायला नको. मग मोठा पैलू त्याने नेमका थरांना समांतर घेतला, कारण तसा घेतला की रंग गडद दिसतो. त्या पैलूला झिलई येईना. घासला की बारीक पापुद्रे निघायचे. तो मशीनला शिव्या द्यायचा, पावडरला शिव्या द्यायचा. शेवटी कशीबशी चमक आणली आणि बाजूच्या पैलूंचा एवढा लखलखाट केला की आतलं काही दिसू नये.

काडीवरून सोडवताना त्याने लाख मेणबत्तीवर धरली. ज्योत माझ्या अंगाला लागली. माझा वरचा थर तेव्हाच कुरकुरला होता. सोडलं असतं तर तिथेच दोन तुकडे झाले असते. पण बघायला कोण होतं? गोरक्ष आणि भिंतीवरची पाल. त्याने मला केराच्या डब्यात टाकलं असतं आणि हात झटकले असते. मी दम धरला. मला माणसं हवी होती, भरपूर माणसं.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. काळ्या मखमलीवर मी, वर काचेची पेटी, पेटीत डोक्यावर एक प्रखर दिवा. शेजारी कार्ड: 'निवड, आराखडा आणि पैलू – गोरक्ष सानप'. आराखडा! ते वाचून माझ्या अंगाची लाही झाली. दिव्याने तर होतच होती. या वर्षी लोक कुलपांकडे जात नव्हते. माझ्यापुढे रांग लागली होती आणि गोरक्ष प्रत्येकाला एकच ठरलेला विनोद ऐकवत होता.

अकराच्या सुमारास रांगेत मला पुंजाराम दिसला. बायकोच्या डोळ्यांची तपासणी करायला तो नाशकात आला होता. त्याच्यामागे उज्वला, पदर आवळून.

"नको मामा, चला ना परत."

"का? चोरी तू केली का?" म्हणत त्याने काचेला नाक लावलं. माझं टोक गेलेलं, आकार बदललेला, तरी त्याचे डोळे मोठे झाले. "उज्वले, ह्यो आपला हाय. मी वळखतो ना ह्याचा रंग!"

"हळू बोला."

"काय म्हणून हळू?"

गोरक्षने ऐकलं. पण गडी पक्का. "या या ताई! बघा, तुमचा हरवला त्याच जातीचा मिळाला मला. देवळ्याच्या एका मित्राने दिला. नशीब लागतं." दोघंचौघं हसली. उज्वलाचा चेहरा पडला. मागे खंडेराव उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या क्षणी मला त्यांचाही राग आला.

तेवढ्यात गलबला झाला. प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे आले होते. गोरक्षने लगबगीने पेटी उघडली. माझ्यावर कुणाच्या तरी बोटाचा ठसा होता. त्याने खिशातून काच पुसायच्या निळ्या पाण्याची बाटली काढली आणि दिव्याखाली दोन तास तापलेल्या माझ्या अंगावर ते थंडगार पाणी फवारलं.

मी सोडलं.

आवाज फार नव्हता झाला. टक्, एवढाच. वरचा मोठा पैलू अख्खाच्या अख्खा सुटला आणि सरकत पाहुण्यांच्या पुढ्यात गेला.

खंडेरावांनी खिशातलं भिंग काढलं, सुटलेला तुकडा उचलला. "गोरक्ष, पैलू थरावरच घेतलास?"

"थर? कसले थर, काका?"

"आराखडा तुझा आहे ना? मग थर कुठल्या दिशेने आहेत ते माहीत नाही?"

आणि मग उज्वला पुढे आली.

"काका, तो तुकडा नका बघू. खाली उरलाय तो बघा. आता वरून सपाट झालाय, आतलं दिसेल. तीन पांढऱ्या सुया आहेत. दोन टेकलेल्या, तिसरी आडवी. आडवीच्या टोकाला काळा ठिपका."

खंडेरावांनी मला भिंगाखाली धरलं. एकदा सरळ पाहिलं, एकदा वळवून पाहिलं.

"आहेत," ते म्हणाले. "ठिपकासुद्धा आहे."

"अहो काका, असे एकसारखे दोन असू शकतात," गोरक्ष म्हणाला.

पुंजाराम हसला. "आस्सं? मंग देवळ्याच्या मित्राला फोन लाव. आत्ताच लाव, आमच्याम्होरं. त्यालाच इचारू."

गोरक्षने फोन काढला. फोनकडे पाहिलं. परत खिशात घातला.

अहाहा! सुरुंग लागून पहिलं ऊन दिसलं तेव्हासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता. त्याच्या कपाळावरचा घाम मी मोजून पाहिला. पाहुणे कुलपांच्या टेबलाकडे वळले. कुणी तरी कार्ड पालथं घातलं.

"कार्डाचं राहू द्या," उज्वला म्हणाली. "डबीचं सांगा, गोरक्षभाऊ. सगळ्यांसमोर."

"ताई, आपण बाहेर बोलू ना."

"इथेच."

तो खाली बघून म्हणाला, "रिकामी दिली होती."

उज्वलाने माझे दोन्ही तुकडे रुमालात बांधले आणि मामाला घेऊन निघाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र रुमालाच्या फटीतून दिसेल तेवढं पाहून घेतलं. गोरक्ष एकटा उभा होता आणि हातातली निळी बाटली कुठे ठेवावी ते त्याला सुचत नव्हतं.

दोन दिवसांनी खंडेराव रिक्षातून आले, सोबत मशीन. ते तिच्या गॅलरीत ठेवून म्हणाले, "माझे हात आता साथ देत नाहीत. हे तुझ्याकडे राहू दे. आणि उज्वला, माझं चुकलं."

"मशीन ठेवते, काका," ती म्हणाली. "पण तीन रविवार तुम्ही गप्प बसला होतात, ते मी विसरणार नाही."

शाब्बास! मी टेबलावरून मनात ओरडलो. ते चहा न घेताच गेले. गोरक्षने पेढ्यांचा पुडा पाठवला होता, तो तिने दारातूनच परत केला. रविवारच्या मंडळीत आता त्याला कुणी बोलवत नाही. मला त्याची अजिबात दया येत नाही. विचाराल तर पुन्हा असंच करीन.

पण आता जे सांगणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझा मोठा तुकडा तिने नव्याने मापला आहे. वहीत नवं चित्र काढलं आहे, खडा लहान होईल पण होईल. काल मामाला फोनवर सांगत होती, "पुढच्या प्रदर्शनात मी मांडणार, मामा. माझ्या नावाने." इतकी खुशीत मी तिला पहिल्यांदाच पाहिली. रविवारी सकाळी दहाला ती मला काडीवर चिकटवणार आहे.

मला वाटलं होतं, त्या दिवशी सूड म्हणून मी एकच थर सोडला. तसं झालेलं नाही. त्या धक्क्याने तळाशीही एक थर सुटला आहे, केसाहून बारीक. तिने मला तीनदा तपासलं, पण तिन्ही वेळा वरून, आणि वरून तो दिसत नाही. तबकडीवर टेकवलं की माझे पुन्हा तुकडे होतील. मग घासण्यासारखं काही उरणार नाही. मला जोर लावून तो धरून ठेवता येतो का, हे गेले तीन दिवस मी करून बघतोय. येत नाही. राग असताना जमलं होतं.

आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, आज मागतो. पाथर्डी फाट्याकडे तुमचं जाणं असेल तर रविवारी दहाच्या आत जा. दातांच्या कॅपा करणारी उज्वला म्हणून विचारलं तर कुणीही घर दाखवेल. तिला एवढंच सांगा, खडा आडवा धर आणि खालून बघ. ज्याच्या हातात फुटायचं होतं त्याच्या हातात मी फुटलो. तिच्या हातात मला फुटायचं नाही.